लाइन गेली तरी काम जाऊ नये : घरच्या कॉम्प्युटरसाठी यूपीएस कसा घ्यावा, कसा सांभाळावा

घाटंजी : कॉम्प्युटर आता फक्त तहसील, बँक आणि शाळेत राहिलेला नाही. पीक विम्याचा अर्ज, महाडीबीटीवरची योजना, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पोरांची शिष्यवृत्ती, भरतीचे फॉर्म ही सारी कामं गावातल्याच एखाद्या घरातून किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून होतात. पण कॉम्प्युटर गावात आला तरी लाइन शहरासारखी आली नाही. अर्ज पाऊण भरून झाला, कागद अपलोड होत आले आणि लाइन गेली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या तारखेला असं झालं तर कॉम्प्युटरवाल्याचा अर्धा तास जातो, पण रांगेत बसलेल्या शेतकऱ्याचं वर्ष जाऊ शकतं.

यावर उपाय म्हणजे यूपीएस. तो बऱ्याच घरांत असतोही. पण तो टेबलाखाली धूळ खात पडलेला, बॅटरी कधीची मेलेली, आणि लाइन गेली की कॉम्प्युटरही सोबतच बंद. यूपीएस नेमकं काय करतो, काय करत नाही, किती मोठा घ्यावा आणि तो टिकावा म्हणून काय करावं, हे एकदा नीट समजून घेतलं तर पैसे वाया जात नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. यूपीएस हा काम चालू ठेवण्यासाठी नाही, काम नीट आवरण्यासाठी असतो. त्याने दिलेली दहा-पंधरा मिनिटं अर्ज सबमिट करायला, फाइल सेव्ह करायला आणि कॉम्प्युटर रीतसर बंद करायला वापरायची. हे ध्यानात राहिलं की बाकीचे हिशोब सोपे होतात.

लाइनीचे चार त्रास

घरात येणारी लाइन २३० व्होल्टची धरलेली असते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांत घरगुती जोडणीसाठी ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. प्रत्यक्षात गावात चार प्रकारचे त्रास होतात.

पहिला, लाइन पूर्ण जाणे. वादळात झाडाची फांदी तारेवर पडली, डीपीवरचा फ्यूज उडाला, देखभालीसाठी बंद केली. हा त्रास सगळ्यांना दिसतो.

दुसरा, लाइन डिम होणे. डीपीवर लोड जास्त, गाव डीपीपासून लांब, संध्याकाळी सगळ्यांचे कूलर एकदम चालू. मग व्होल्टेज १८०, कधी १६० वर येतं. बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो, कॉम्प्युटर मधूनच बंद होऊन आपोआप चालू होतो.

तिसरा, व्होल्टेज वाढणे. सगळ्यात जास्त जाळपोळ यानेच होते. डीपीवरची किंवा खांबावरची न्यूट्रल तार तुटली वा सैल झाली की तीन फेजचा तोल बिघडतो. ज्या फेजवर लोड कमी, त्या घरांत २३० च्या जागी ३०० च्या वर, अगदी ४०० च्या जवळ व्होल्टेज चढू शकतं. बल्ब एकाएकी पांढराफेक पेटला, पंखा भन्नाट फिरायला लागला, तर विचार करत बसू नका. आधी घराचा मेन स्विच बंद करा, मग लाइनमनला फोन करा.

चौथा, झटका. लाइन जाऊन परत येताना किंवा जवळपास वीज पडल्यावर क्षणभर मोठं व्होल्टेज येतं. ते डोळ्याला दिसत नाही, पण कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड त्यात जातात.

हे फक्त खेड्यातच होतं असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमध्ये बिघाड होऊन खुद्द मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवसाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. तिथे वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी होतं ते आपल्याकडे पावसाळ्यात आठवड्याला होतं, एवढाच फरक.

स्पाइक गार्ड, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, यूपीएस : कोण काय करतं?

दुकानात या चारही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. कामं मात्र वेगळी आहेत.

स्पाइक गार्ड म्हणजे बटणं असलेली लांब पट्टी. चांगल्या कंपनीची असेल तर ती क्षणभराचा झटका अडवते. लाइन गेली किंवा डिम झाली तर तिचा काही उपयोग नाही. आणि स्वस्तातली पट्टी ही नुसती एक्स्टेन्शन बोर्ड असते, तिच्यात अडवणारा भागच नसतो.

स्टॅबिलायझर व्होल्टेज वर-खाली करून बरोबर करतो. फ्रिजसाठी ठीक. लाइन गेली की तोही बंद.

इन्व्हर्टर मोठ्या बॅटरीवर घरातले दिवे-पंखे तासन्‌तास चालवतो. मात्र लाइनीवरून बॅटरीवर जायला काही इन्व्हर्टरना वेळ लागतो.

यूपीएस छोट्या बॅटरीवर थोडा वेळच चालतो, पण सेकंदाच्या शंभराव्या भागात किंवा त्याहून लवकर बॅटरीवर जातो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय लाइनीशिवाय साधारण १६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाइतकाच दम धरतो. यूपीएस त्याच्या आत बॅटरीवर गेलेला असतो, म्हणून कॉम्प्युटरला लाइन गेल्याचं कळतही नाही.

घरगुती यूपीएस घेताना तो 'लाइन इंटरॅक्टिव्ह' प्रकारचा आहे का, ते विचारा. यात व्होल्टेज सांभाळणारा भाग आतच असतो. अशा यूपीएसला साधारण १५० ते २८० व्होल्टपर्यंतची लाइन चालते. तेवढ्यात तो बॅटरी न वापरता व्होल्टेज सुधारून देतो. डिम लाइनीत आतून 'टक' असा आवाज येतो तो याचाच. वेगळा स्टॅबिलायझर लावायची गरज राहत नाही.

किती मोठा घ्यायचा?

खोक्यावर मोठ्या अक्षरात ६००, १००० असे आकडे असतात. ते व्हीए असतात, वॅट नाही. आपल्या कामाचा आकडा वॅटचा, तो बारीक अक्षरात लिहिलेला असतो. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. खरेदी करताना वॅटचा आकडा वाचूनच पैसे द्या.

आता लोड मोजू. घरचा साधा डेस्कटॉप ६० ते १०० वॅट घेतो. १९ इंची एलईडी मॉनिटर २० ते २५ वॅट. वायफायचा राउटर १० वॅटच्या आसपास. सगळं मिळून १०० ते १३० वॅट. म्हणजे साध्या कामाला ६०० व्हीए पुरतो. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड असलेला किंवा व्हिडिओ एडिटिंगचा कॉम्प्युटर असेल, किंवा एका यूपीएसवर दोन कॉम्प्युटर चालवायचे असतील, तर १००० व्हीएच्या पुढचा बघावा.

वेळ किती मिळेल? अशा यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. पण छोटी बॅटरी पटकन उपसली तर पूर्ण वीज देत नाही आणि काही वीज रूपांतरात जाते. हातात निम्मी धरायची, म्हणजे ४० वॅट-तास. ११० वॅटच्या लोडवर ती वीसेक मिनिटं पुरते. हा नव्या बॅटरीचा हिशोब. दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीवर पाच-सात मिनिटं मिळाली तरी चांगलं समजा.

म्हणूनच 'मोठा यूपीएस घेतला की तासभर काम होईल' ही आशा ठेवू नये. तासभर काम करायचं असेल तर इन्व्हर्टर लागतो, किंवा लॅपटॉप. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला यूपीएस लागत नाही. चांगला स्पाइक गार्ड आणि अर्थिंग पुरे. नवीन घ्यायचंच असेल आणि गावात लाइनीचा भरवसा नसेल, तर डेस्कटॉप आणि यूपीएसच्या बेरजेत लॅपटॉपची किंमत मांडून बघावी.

यूपीएसवर काय लावू नये?

लेझर प्रिंटर कधीच नाही. कागद छापताना तो आतला रोलर तापवतो, त्या वेळी कित्येक शे वॅट ओढतो, कधी हजाराच्या घरात. ६०० व्हीएचा यूपीएस तिथेच ओरडून बंद पडतो, आणि सोबत कॉम्प्युटरही. झेरॉक्स मशीन, कूलर, टेबल फॅन, मिक्सर, इस्त्री हेही नाही. प्रिंटर सरळ भिंतीच्या बोर्डावर लावा.

राउटर मात्र आठवणीने यूपीएसवर लावा. कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद असेल तर ऑनलाइन अर्ज जायचा कसा? राउटरसाठी वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएसही मिळतो, तो दोन-तीन तास नेट चालू ठेवतो. तोही नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट कसा जोडायचा ते आधीच करून ठेवा. ऐन वेळी शोधत बसू नये.

कूलरबद्दल एक सांगणं. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही, पण कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर ठेवू नका. मोटर चालू-बंद होताना त्या वायरीत झटके येतात.

अर्थिंग नसेल तर अर्धं संरक्षण गेलं

तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन अर्थिंगची. गावातल्या बऱ्याच घरांत बोर्डाला ते तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. यूपीएस आणि स्पाइक गार्ड जो झटका अडवतात, त्यातला मोठा भाग त्यांना जमिनीतच सोडायचा असतो. वाट नसेल तर तो कॉम्प्युटरमध्येच फिरतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा आणि वायरमनला बोलवा.

कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, मग अर्थिंग नावालाच राहतं. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्यात अधूनमधून पाणी टाकायचं. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, वायरमनकडून तपासून घ्यायचं. हे काम स्वतः बल्ब-वायर घेऊन करू नका.

घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. अनेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, यूपीएस मोडचं. ते चालू केलं की इन्व्हर्टर पटकन बॅटरीवर जातो आणि कॉम्प्युटर बहुधा बंद होत नाही. पण त्या मोडमध्ये इन्व्हर्टरला लाइन साधारण १८० व्होल्टच्या वर लागते. आपल्याकडे संध्याकाळी लाइन त्याखाली गेली की इन्व्हर्टर लाइन असूनही बॅटरीवरच चालत राहतो, आणि रात्री खरोखर लाइन जाते तेव्हा बॅटरी रिकामी. म्हणून ज्या गावात लाइन डिम असते तिथे इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवून कॉम्प्युटरला छोटा यूपीएस वेगळा लावणं बरं.

यातही एक अट आहे. इन्व्हर्टर 'साइन वेव्ह' असावा. जुना 'स्क्वेअर वेव्ह' इन्व्हर्टर असेल तर त्याची वीज पुष्कळ यूपीएसना मानवत नाही. ते तिला खराब लाइन समजून बॅटरीवर जातात आणि दहा मिनिटांत बंद पडतात.

छतावर सोलर बसवलेल्यांनीही ध्यानात ठेवावं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून बसणारी बहुतेक संचं लाइनीला जोडलेली असतात. लाइन गेली की ती सुरक्षेसाठी आपोआप बंद होतात, नाही तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसेल. भर उन्हात लाइन गेली तरी अशा सोलरवर कॉम्प्युटर चालत नाही. बॅटरी जोडलेला संच असेल तरच चालतो.

लाइन गेल्यावर काय करायचं?

१. यूपीएसची बीप ऐकू आली की नवीन काम सुरू करू नका. हातातलं सेव्ह करा.

२. ऑनलाइन अर्ज शेवटच्या पानावर असेल तर सबमिट करा, पावती पीडीएफ म्हणून साठवा. अर्ज बराच बाकी असेल तर 'सेव्ह ड्राफ्ट' करून बाहेर पडा.

३. पैसे भरायचं पान उघडं असेल आणि बीप चालू झाली असेल तर पैसे भरायला सुरुवात करू नका. मध्येच बंद पडलं तर पैसे कापले जातात, पावती निघत नाही, मग बँकेच्या चकरा.

४. कॉम्प्युटर 'शट डाउन' करूनच बंद करा. मग यूपीएसचं बटण बंद करा, म्हणजे उरलेली बॅटरी वाचते.

५. लाइन आली की लगेच चालू करू नका. पाच मिनिटं थांबा. पहिल्या काही मिनिटांत सगळ्यांच्या मोटरी, फ्रिज, कूलर एकदम चालू होतात आणि व्होल्टेज हेलकावे खातं.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. काही यूपीएसना यूएसबी वायर जोडायची सोय असते. ती जोडली की बॅटरी कमी झाल्यावर कॉम्प्युटर आपोआप रीतसर बंद होतो. आणि कितीही चांगला यूपीएस असला तरी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवाच. यूपीएस लाइनीपासून वाचवतो, हार्ड डिस्क म्हातारी झाली तर वाचवू शकत नाही.

बॅटरी हाच जीव

यूपीएसचं यंत्र दहा वर्षं चालतं, बॅटरी दोन-तीन वर्षं. आणि तिचा मोठा वैरी म्हणजे आपला उन्हाळा. अशी बॅटरी २५ अंशांच्या हिशोबाने बनवलेली असते. त्यावर दर १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४४-४५ वर जातो. टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. म्हणून यूपीएस जमिनीलगत, सावलीच्या भिंतीला, मोकळ्या हवेत ठेवा. त्यावर कापड झाकू नका, कागदांचा गठ्ठा ठेवू नका. कापसाची तूस आणि धूळ त्याच्या जाळीत बसते, ती महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा.

महिन्यातून एकदा परीक्षा घ्या. सगळं सेव्ह करून, कॉम्प्युटर चालू ठेवून, बोर्डाचं बटण बंद करा. प्लग उपसू नका, बटणच बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. किती मिनिटं चालतो ते घड्याळात बघा आणि यूपीएसवर चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहा. पाच मिनिटांच्या खाली आलं की बॅटरी बदला. जुलैची शेवटची तारीख यायची वाट बघू नका.

सुट्टीत यूपीएस दोन-तीन महिने बंद ठेवणार असाल तर मधून एकदा दिवसभर चार्जिंगला लावा. रिकामी पडून राहिलेली बॅटरी पुन्हा उठत नाही.

बॅटरी फुगली, गरम लागली, आंबट वास आला, तर यूपीएस लगेच बंद करून बाजूला ठेवा. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, फोडू नका. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं, लहान पोरांना शिसं फार घातक. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. नवी घेताना दुकानदाराला जुनी परत द्या, तिचे पैसे बिलातून कमी करून घ्या.

आकाशातली वीज आली तर यूपीएसवर भरवसा नाही

हे स्पष्ट समजून घ्या. जवळपास वीज पडली तर यूपीएस, स्पाइक गार्ड कोणीच खात्रीने वाचवू शकत नाही. ढग गरजायला लागले की आधी कॉम्प्युटर बंद करा, मग यूपीएसचा प्लग बोर्डातून काढा, बटण बंद करून भागत नाही. नेटची तांब्याची वायर आणि टीव्हीच्या डिशची वायरही काढा, वीज त्या वाटेनेही येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे मोफत ॲप आपल्या परिसरातल्या विजेची सूचना देतं. ते शेतात काम करणाऱ्यांसाठी तर हवंच, घरातल्या मशीनलाही उपयोगी पडतं. मात्र कडकडाट डोक्यावर आला असेल तर प्लग काढायलाही हात लावू नका. मशीन दुसरं मिळतं.

घेताना काय बघाल?

६०० व्हीएचा साधा यूपीएस तीन हजारांच्या आगेमागे मिळतो, बदलीची बॅटरी हजाराच्या आसपास. घेताना या गोष्टी तपासा : वॅटचा आकडा, लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकार, बॅटरीच्या वॉरंटीचा काळ (यंत्राची वॉरंटी वेगळी आणि बॅटरीची वेगळी असू शकते), बॅटरीवर छापलेली निर्मितीची तारीख, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर घाटंजीत आहे, यवतमाळात की थेट नागपुरात. यूपीएसला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून खरा-खोटा बघता येतो. पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी नाही.

सगळ्या घराचं संरक्षण हवं असेल तर मेन बोर्डावर व्होल्टेज कमी-जास्त झालं की लाइन तोडणारं छोटं यंत्र बसवता येतं. न्यूट्रल तुटल्यावर टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर सगळंच त्याने वाचतं. वायरमनला विचारा.

लाइनीमुळे नुकसान झालंच तर

महावितरणचा टोल फ्री क्रमांक १९१२ आहे. १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हेही चालतात. बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. फक्त फोनवर थांबू नका. व्होल्टेज वाढून एकाच वेळी गल्लीतल्या पाच-सात घरांची यंत्रं जळाली असतील, तर सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, डीपी कोणता, काय जळालं, दुरुस्तीचं बिल आणि फोटो जोडा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. दाद लागली नाही तर २००३ च्या वीज कायद्यानुसार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत. एकट्याच्या तोंडी तक्रारीपेक्षा सात सह्यांचा कागद जड असतो.

डीपी सुधारणं आपल्या हातात नाही, त्याचा पाठपुरावाच करावा लागतो. पण अर्थिंगला पाणी टाकणं, महिन्यातून एकदा बॅटरी बघणं आणि अर्ज शेवटच्या दिवसावर न ठेवणं हे तिन्ही आपल्याच हातात आहे. तुमचा यूपीएस किती मिनिटं चालतो ते माहीत नसेल, तर आज संध्याकाळी सगळं सेव्ह करून एकदा बोर्डाचं बटण बंद करून बघा.